तिरकी अक्षरे

लग्नाची पत्रिका हाती आली की आमच्या घरी मुहूर्त पाहतात. मी आधी अक्षर पाहतो. इंग्रजी पत्रिकांवरचे ते निमुळते, उजवीकडे कललेले, एकमेकांचा हात धरून निघालेले अक्षर मला फार आवडते. त्या घराण्यातले ‘शेली’ हे माझे विशेष लाडके. जॉर्ज शेली हा लंडनचा जुना लेखनगुरू. त्याच्या नावाने मॅथ्यू कार्टर या इंग्रज अक्षरकाराने ते १९७२ मध्ये आखले. त्याची रूपे तीन, नावे गाण्यातली: अँडांटे साधे, अलेग्रो जरा नटलेले, आणि व्होलांटे म्हणजे पदर वाऱ्यावर सोडलेले!

शिशाच्या खिळ्यांत असले अक्षर बसवणे ही कसरतच होती. खिळा चौकोनी, अक्षर तिरके. त्याचे शेपूट खिळ्याबाहेर लोंबायचे आणि दाबाखाली मोडायचे. सांध्यात फट दिसायची ती निराळीच. पुढे फोटोवर जुळणी करणारी यंत्रे आली, खिळ्याची अडचण सरली, आणि अक्षरे खरोखरी जोडली गेली. आपल्या मोडीचीही जात हीच. आधी कागदभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली हात न उचलता लेखणी पळवायची. तरीही सेरामपूरला विल्यम केरीने १८१० साली मराठीचा कोश छापला, तो मोडी खिळ्यांत! त्या जुळाऱ्यांना माझा नमस्कार.

परवा भाचीचे लग्न ठरले. मुलगा लंडनचा, तेव्हा पत्रिका इंग्रजीत. नमुना आला तो नखशिखांत याच वळणाच्या अक्षरात. नावे तर सगळी मोठ्या लिपीत! या अक्षरातली मोठी लिपी शब्दाच्या अग्रभागी एकटी शोभते. ओळीने उभी केली की वेलांट्यांची झोंबाझोंबी होते. पत्ता बारीक छापलेला, त्यामुळे केसासारख्या रेषा कागदात विरून गेल्या होत्या.

आईने पत्रिका जवळ धरली, लांब धरली, खिडकीशी नेली. वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. तिने तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. वाड्यातली तार असो की कोर्टाचा कागद, वाचून दाखवायला लोक तिच्याकडे यायचे. तिने पत्रिका नातीपुढे केली आणि म्हणाली, “तूच वाच, बाई.”

भाची काही बोलली नाही. संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसली. “मामा, तुमचं ते लाडकं अक्षर कुठं कुठं ठेवू?”

“तुम्हां दोघांच्या नावांपुरतं. चांगलं ठसठशीत. बाकी सगळं सरळ, उभ्या अक्षरात.”

मला स्वतःला व्होलांटे हवे होते. तिने अँडांटे घेतले. तिचेच बरोबर होते, कारण नाव लांब होते आणि व्होलांटेच्या शेपट्या खालच्या तारखेत शिरत होत्या.

नवा नमुना आला तेव्हा आईने तो चष्म्याशिवायच हाती घेतला, मग चष्मा मागवला. नातीचे नाव, जावयाचे नाव, तारीख, वेळ, सभागृहाचा पत्ता, सगळे तिने वर्गात वाचावे तसे खणखणीत वाचले. मग पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली,

“इथं स्वल्पविराम राहिलाय.”