मधला सिलिंडर

अब्बांची मारुती ८०० इंजिन उघडून, रिंगा बदलून आली आणि स्टिअरिंगसकट थरथरू लागली. वर टकटक. भाईजान म्हणाले, "मिस्त्रीने जुनंच सामान घातलंय. उरलेले पैसे द्यायचे नाहीत." ईद चार दिवसांवर होती. तपासल्याशिवाय अशी बदगुमानी मला पटेना.

मिस्त्री चाचांना घरीच बोलावलं. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीनच. एक बसला तरी गाडी हलणारच. चाचा इंजिन बंद करत, एका प्लगची वायर काढत, पुन्हा चालू करत. दोनदा थरथर वाढली. मधली वायर काढली, तर काहीच फरक नाही! मग लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरली. टकटक वरून येत होती, क्रँककडून नव्हे. माझा जीव भांड्यात पडला.

कव्हर उघडलं. मधल्याच सिलिंडरचा एक टॅपेट ढिला, दुसरा इतका घट्ट की व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता. व्हॉल्व्ह घासले की ते किंचित आत बसतात, दांडी वर येते, फट घटते. म्हणून सेटिंग नव्याने करावं लागतं. ते राहिलं होतं. सामान मात्र नवंच होतं.

चाचांनी पाती घालून फट जुळवली. पैसे त्याच संध्याकाळी दिले. भाईजान अजून म्हणतात, हे गॅरेजमध्येच व्हायला हवं होतं. तेही खरंच.