कोथिंबिरीपुरता उजेड

समोर इमारत झाल्यापासून स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन येत नाही. तरी घरची कोथिंबीर हवीच, म्हणून आज दिवा निवडायला बसले. खोक्यांवर ठळक अक्षरांत लुमेन छापलेले असतात. पण लुमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला जाणवणारा उजेड. रोपाला लागतो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश, आणि तो पानांवर किती पडतो ते सांगणारा आकडा म्हणजे पीपीएफडी. पालेभाज्यांना साधारण २०० मायक्रोमोल पुरतात. हा आकडा किती अंतरावरून मोजलाय ते लिहिलेलं नसेल, तर तो दिवा मी बाजूला ठेवते.

जांभळ्या उजेडाचे दिवे मला मुळीच नकोत. लाल-निळ्यावर रोप वाढतं हे खरं, पण पान पिवळं पडलंय का, तेच त्यात कळत नाही. पांढऱ्या फुल स्पेक्ट्रम एलईडीखाली मेथीच्या पानामागचा मावासुद्धा दिसतो. रोज रोपांकडे बघणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

वॅट बघायचे ते प्रत्यक्ष खाणारे. २० वॅटचा दिवा रोज १४ तास लावला तर महिन्याला ८.४ युनिट, परवडतं. टायमर मात्र हवाच, रोपांनाही रात्र लागते.

दिवा साखळीवर टांगता येणाराच घेणार. रोपं लांबुडकी, लेचीपेची व्हायला लागली की खाली घ्यायचा, टोकं करपली की वर. आधी कोथिंबीर, मग पुदिना. मिरचीला बराच जास्त प्रकाश लागतो. तिचं पावसाळ्यानंतर बघू.