घर राखून ठेवण्याचे मोल

इंग्लंड आणि वेल्समध्ये घराच्या किमतीबाबत मालक आणि खरेदीदार यांचे एकमत झाले, तरी त्या एकमताला ‘कराराच्या अधीन’ एवढाच दर्जा असतो, आणि दोन्ही बाजूंचे सॉलिसिटर, म्हणजे खरेदीविक्रीचे कायदेशीर काम पाहणारे वकील, सह्या झालेल्या करारप्रतींची अदलाबदल करीपर्यंत कोणीही कोणाला बांधील नसतो; जमिनीच्या विक्रीचा करार सर्व अटींसह लेखी आणि सहीनिशी असलाच पाहिजे, हे १९८९ च्या कायद्याने ठरवून दिले आहे. किंमत ठरल्यापासून अदलाबदल होईपर्यंत अनेकदा काही महिने जातात आणि तेवढ्या अवधीत मालक दुसऱ्या कोणाची चढी रक्कम स्वीकारून पहिल्या खरेदीदाराला वाऱ्यावर सोडू शकतो. या प्रकाराला तेथे ‘गॅझम्पिंग’ म्हणतात, आणि एस्टेट एजंटामार्फत घेतले जाणारे आरक्षण शुल्क बव्हंशी याच भीतीवर उभे आहे.

या शुल्काचे सर्वांत महागडे रूप ‘मॉडर्न मेथड ऑफ ऑक्शन’ या नावाच्या लिलावात आढळते. पारंपरिक लिलावात हातोडा पडताच करार होतो आणि किमतीच्या १० टक्के रक्कम तेथेच भरावी लागते. या नव्या पद्धतीत मात्र सर्वोच्च बोली लावणारा केवळ आरक्षणाच्या करारावर सही करतो, किमतीच्या साडेचार टक्क्यांच्या आसपास शुल्क भरतो आणि व्यवहार पूर्ण करण्यासाठी साधारणतः ५६ दिवसांची मुदत मिळवतो. हे शुल्क किमतीतून वजा होत नाही आणि खरेदीदाराने माघार घेतल्यास परतही मिळत नाही. विसार पावतीची सवय असलेल्या मराठी खरेदीदाराला नेमके हेच पचत नाही, कारण विसाराची रक्कम मालकाच्या हाती जाते आणि पुढे किमतीत धरली जाते, तर येथे ती किमतीच्या बाहेर राहून लिलाव चालविणाऱ्याच्या आणि एजंटाच्या मेहनतान्याला लागते. एजंट मालकाने नेमलेला आणि मोबदला खरेदीदाराच्या खिशातून, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे.

प्रस्तुत लेखक आणि त्याची पत्नी यांनी २०२५ मध्ये रेडिंग येथे शेजारच्या घरांशी भिंती सामाईक असलेले एक रांगेतले घर २,८०,००० पौंडांना याच पद्धतीने घेतले, तेव्हा शुल्क १२,६०० पौंड, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक होते. इतर इच्छुक थांबले आहेत, संध्याकाळपर्यंत पैसे न भरल्यास घर पुन्हा बाजारात जाईल, असा एजंटाचा तगादा होता. तरीही मालकी हक्काची नोंद आणि नगरपालिकेकडील चौकशीचे कागद सॉलिसिटरने वाचेपर्यंत लेखकाने पैसे भरले नाहीत, आणि मालकानेच माघार घेतली तर शुल्क परत मिळेल हे कलम करारात असल्याची खात्री करून घेतली. करारापूर्वी एजंटाच्या हाती दिलेल्या पैशांची जोखीम इंग्लंडच्या कायद्याला नवी नाही. सॉरेल विरुद्ध फिंच या खटल्यात एजंट अनेक इच्छुकांच्या अनामत रकमा घेऊन पसार झाला होता, आणि त्या परत करण्याची जबाबदारी मालकावर येत नाही, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७६ मध्ये दिला. एस्टेट एजंटांच्या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा १९७९ मध्ये आला.

शुल्काचा खरा परिणाम दिसला तो कर्ज देणाऱ्या बँकेच्या मूल्यांकनकाराने घराची किंमत २,७०,००० पौंड ठरवली तेव्हा. कर्ज मूल्यांकनाच्या ८५ टक्के मिळणार असल्याने ते ८,५०० पौंडांनी घटले, आणि ही तूट रोखीने भरून काढणे भाग झाले. एरवी अशा वेळी खरेदीदार किंमत कमी करण्याची मागणी करतो आणि मालक ऐकत नसेल तर व्यवहार सोडून देतो. सोडून देण्याची ही मुभाच त्याच्या घासाघिशीचे बळ असते. येथे मात्र सोडून देण्याची किंमत १२,६०० पौंड आहे हे मालकालाही ठाऊक होते, म्हणून त्याने एक पौंडही कमी केला नाही, आणि लेखकाने ठाण्यातील मुदत ठेव मोडून तूट भरली. मालकाला बांधून ठेवण्यासाठी म्हणून दिलेले शुल्क प्रत्यक्षात खरेदीदारालाच बांधते, आणि ज्याला बांधले त्याच्याकडूनच दोरीचे पैसे घेतले जातात.

मालकाला बांधून ठेवण्याचा याहून स्वस्त मार्ग उपलब्ध आहे. ठरावीक काळ दुसऱ्या कोणाशीही बोलणी न करण्याचे मालकाने दिलेले वचन, ज्याला ‘लॉक-आउट’ करार म्हणतात, ते पिट विरुद्ध पीएचएच अ‍ॅसेट मॅनेजमेंट या खटल्यात अपील न्यायालयाने १९९३ मध्ये बंधनकारक मानले. तेथे मुदत दोन आठवड्यांची होती आणि बदल्यात खरेदीदाराने प्रामुख्याने त्वरेने करार करण्याची तयारी दाखवली होती, एजंटाला शुल्क दिले नव्हते. असा करार दोन्ही सॉलिसिटर करू शकतात, आणि इंग्लंडमध्ये घर पाहणाऱ्यांनी आरक्षण शुल्काच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याची मागणी अवश्य करावी.

शुल्काचा हिशेब लिलावाबरोबर संपत नाही, कारण मुद्रांक शुल्कासाठी ते घराच्या मोबदल्यात धरले जाते, म्हणजे मालकाला न मिळालेल्या रकमेवरही सरकार कर घेते. जगात कोठेही दुसरे घर असल्यास इंग्लंडमध्ये वाढीव दर लागू होतो. लेखकाच्या नावे ठाण्यात फ्लॅट असल्यामुळे अडीच लाख पौंडांपुढील टप्प्यावर तो १० टक्के पडला, आणि १२,६०० पौंडांच्या आरक्षण शुल्कावर आणखी १,२६० पौंड कर भरावा लागला.