देवळीच्या ओसरीवर इंग्रजी

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्यानं देवळीला जाल, तर दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या भेटतील अन् संध्याकाळी ओसरीवर इंग्रजी घोकणारं पोरही. 'ए' कुठं, 'द' कुठं, इथंच ते अडतं. त्याला ठोंब्या म्हणू नका! मराठीत अशी सक्तीच नाही. चिनी भाषेतही नाही. तिथं तर क्रियापदही काळाप्रमाणे बदलत नाही. म्हणून तिकडची मुलंही इंग्रजीच्या परीक्षेत इथंच ठेचाळतात. उलट आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले अन् तिथं राहून चिनी बोलू लागले.

पोराला गोठ्यात न्या. 'एक बैल आला', इथं 'ए'. 'तो बैल मारका होता', इथं 'द'. आम्हाला हे चाळिशीत उमगलं!