मागचा हॉर्न आणि आपलं वय

ड्रायव्हिंग लायसन्सच्या नूतनीकरणासाठी मेडिकल सर्टिफिकेट मागायला माझ्याकडे बरेच ज्येष्ठ येतात. चाळिशीनंतर १-ए फॉर्मवर डॉक्टरची सही लागते आणि पंचावन्ननंतर लायसन्स दर वेळी ५ वर्षांपुरतंच मिळतं. फॉर्ममध्ये विचारतात काय? २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, रंग ओळखता येतात का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का. मी ६३ वर्षांचा आहे आणि या सगळ्यात पास होतो. तरी संध्याकाळी सातला पुण्यात आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्यावर उजवीकडे वळायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

याचं कारण हात-पाय नव्हेत. गाडी चालवण्याची सवय वयाबरोबर सहसा जात नाही. मंदावतो तो मेंदूचा वेग, विशेषतः एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष द्यायचं असतं तेव्हा. त्या वळणावर उजवीकडून बस येते, डावीकडून उलट्या दिशेने स्कूटर, मध्येच कुणीतरी रस्ता ओलांडतं. समोरून येणारं वाहन किती दूर आहे ते कळतं. किती वेगात आहे ते ओळखणं मात्र वयाबरोबर कठीण होतं. मोटरसायकल तर लहान दिसते म्हणून लांबच वाटते. ताशी ५० किलोमीटर वेगाने ती सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे येते. त्यात रात्र असेल तर आणखी पंचाईत. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो आणि समोरच्या हेडलाइटने दिपलेले डोळे सावरायलाही वेळ लागतो.

एवढं असूनही बहुतेक ज्येष्ठ नीट चालवतात, कारण ते थांबतात आणि जास्त अंतर ठेवतात. (आपल्याकडे ठेवलेल्या अंतरात लगेच रिक्षा घुसते, ते सोडा.) घात होतो मागच्या हॉर्नमुळे. ताणाखाली लक्ष आणखी आकसतं आणि ‘बघून निघू’ याचं ‘निघूनच टाकू’ होतं. मागच्याला घाई आहे, पण त्याला उजवीकडची बस दिसत नसते.

गेल्या महिन्यात ७२ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आले. आठवड्यातून तीनदा पत्नीला डायलिसिसला नेतात, मुलगा परदेशात. फॉर्ममधल्या सगळ्या तपासण्या ठीक होत्या. मी विचारलं, “सर, हॉर्न वाजला की काय करता?” ते गप्प झाले. मग म्हणाले, “डॉक्टर, हल्ली ही मागून म्हणते, जाऊ नका, थांबा.”

लायसन्स गेलं तर त्यांचं डायलिसिस अडतं आणि सही केली तर दोघांचा जीव त्या चौकात. सर्दीसाठी ते रोज झोप आणणारी गोळी घेत होते, ती बदलली. मान वळत नव्हती, त्यासाठी व्यायाम दिले. डायलिसिसची वेळ त्यांनी सकाळची मागून घेतली. उजवं वळण टाळून पुढच्या सिग्नलवरून यू-टर्न घ्यायचा, दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील, हे घरीच ठरलं. अंधार पडल्यावर रिक्षा.

मग मी सही केली. सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा यायचंय, आणि त्या वेळी मी आधी बाईंना विचारणार आहे.