हत्यारांची शिदोरी

प्रवासाला निघतांना शहाणीं माणसें फराळाचें बांधून घेतात. मी हत्यारें बांधतों. इंग्लंडांत राहून १९६६ सालची एम्. जी. बी. ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार बाळगणाऱ्याला दुसरी गति नाहीं. गाडी अडली तर मदतीला येणारे तरुण मोठे तत्पर असतात; पण त्यांचें दोष सांगणारें यंत्र जोडावें असें भोंकच हिच्यांत नाहीं. शिवाय हिच्या बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें! नेहमींच्या संवयीनें कोणीं तारा लावल्या, तर उपकाराचा अपकार व्हायचा. आणि वेल्सच्या डोंगरांत, पावसांत, जेथें फोनही लागत नाहीं, तेथें येणार तरी कोण?

मागच्या कप्प्यांत जादा चाक अगोदरच ऐसपैस पसरलेलें. तेव्हां काय घ्यावें यापेक्षां काय सोडावें, हाच खरा विचार. इंची पाने हवेतच. पंख्याचा पट्टा, फ्यूज, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट आणि त्यांतली ०.०१५ इंचाची फट मोजणारी पातळ पट्टी, एवढें सुटत नाहीं. पण माझा जीव तांब्याच्या हातोडीवर. तारांच्या चाकाचा दोन कानांचा नट तिच्याच ठोक्यानें सुटतो. आणि उजव्या मागल्या चाकाजवळचा पेट्रोलचा पंप मुका झाला, तर तिच्या दांड्याचा हलका टोला त्याला बहुधा बोलतें करतो.

पत्नीच्या मतें या पिशवीच्या जागीं उबदार कोट सहज मावेल. मावेल खरा. गेल्या खेपेस तिनें कोट मुकाट्यानें अंगांत घातला आणि हातोडी स्वतःच्या पायाशीं ठेवली.