हरी तुटू नये

येत्या जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये धावायचे आहे. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. गेल्या वर्षी मी पहिले २० किलोमीटर वाऱ्यासारखा धावलो आणि तेहतिसाव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसलो. गाडीत घालून आणले मला. अण्णा, माझे वडील, एवढेच म्हणाले, "घाई कुणाची होती रे?"

अण्णांनी ३१ वर्षे माउलींच्या पालखीबरोबर पायी वारी केली. गेल्या आषाढीत गुडघ्यांनी नाही म्हटले. हडपसरपर्यंत ते दिंडीत चालले, तिथे पताकेला हात लावला आणि मागे फिरले. घरी आल्यावर त्यांनी टाळ कापडात गुंडाळून फडताळात ठेवले. त्याबद्दल आम्ही दोघेही काही बोललो नाही.

या वर्षी सरावाच्या गटातल्या एका ज्येष्ठाने मला एकच नियम दिला. लांब पल्ल्याचा सराव हळू करायचा, इतका हळू की धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शरीरात साठवलेली साखर मर्यादित असते. जोरात धावणारा ती लवकर उधळतो, हळू धावणाऱ्याचे शरीर चरबीवर चालायला शिकते. मला वाटले, वाक्यच बोलायचे तर 'रामकृष्णहरी' काय वाईट?

म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेचारला भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या दारात हात जोडले आणि सासवडची वाट धरली. अंतर साधारण ३० किलोमीटर, माउलींच्या वाटेवरचा सर्वांत लांब टप्पा.

हडपसरपर्यंत नाम आणि पाऊल जुळून होते. फुरसुंगीच्या अलीकडे चार-पाच तरुण मला सहज मागे टाकून गेले. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "काका, सावकाश!" तो चांगल्या मनाने बोलला असेल, मला मात्र टोचले. मी वेग वाढवला. दोन-तीन मिनिटांतच 'रामकृष्ण' एवढेच तोंडातून निघू लागले. 'हरी' म्हणायला श्वासच उरेना!

मी चमकलो. इतक्या वर्षांत कीर्तनात अहंकाराबद्दल किती ऐकले असेल, पण तो नेमका काय खातो ते त्या रस्त्यावर कळले. वेग कमी केला. ती मुले दिसेनाशी झाली आणि हरी परत आला.

वडकी सोडून दिवे घाट सुरू झाला. अर्ध्या चढावर पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. चालावे, तर मनाला लाज वाटत होती. तेव्हा अण्णांची एक गोष्ट आठवली. याच घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जोडतात. साक्षात माउलींचा रथ जिथे मदत घेतो, तिथे माझी काय ऐट? मी चालू लागलो. खाली मस्तानी तलावावर ऊन उतरत होते. घाटमाथ्यावर विठ्ठलाची उंच मूर्ती दिसली, तेव्हा पुन्हा धावलो.

सासवडला सोपानकाकांच्या मंदिराशी पोहोचलो, तो पायरीवर अण्णा बसलेले! कुणालाही न सांगता सकाळच्या एसटीने आले होते.

"नाम तुटलं का वाटेत?" त्यांनी विचारले.

"एकदा. फुरसुंगीला."

"एकदाच?" ते हसले. "मला तर रोज तुटायचं."

मी त्यांच्या पाया पडलो. आपल्या रीतीप्रमाणे तेही माझ्या पाया पडायला उठू लागले, पण गुडघे वाकेनात. मग मीच त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. त्यांनी हात लांब करून माझ्या धुळीने भरलेल्या बुटांना लावला आणि कपाळाला टेकवला. मला बोलवेना.

धावणे म्हणजे वारी नव्हे, हे मी जाणतो. शर्यतीत क्रमांक असतो, छातीवर आकडा असतो. वारीत पहिला कोणी नाही आणि शेवटचाही कोणी नाही. पण हळू जाण्यात कमीपणा नाही, हे मला त्या ३० किलोमीटरांनी शिकवले.

जानेवारीत काय व्हायचे ते होवो. आषाढात घड्याळ घरी ठेवून दिंडीत चालणार आहे. परवा अण्णांनी फडताळ उघडले आणि टाळ पुसून माझ्या हातात दिले.

रामकृष्णहरी!